वर बघून बोला, साहेब

बाजाराच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधे एक अरुंद पार्लर आहे. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं. इथे पहिल्यांदाच केस कापायला आलेल्या बाईला जरा चमत्कारिक वाटतं. मागे कात्री घेऊन उभी असलेली बाई आपल्या केसांकडे बघते खरी, पण तिची नजर सारखी आरशातल्या आपल्या तोंडावर येऊन बसते. आपण मान खाली घालून काही बोललो, की ती हनुवटीला दोन बोटं लावून चेहरा अलगद वर करते आणि म्हणते, "वर बघून बोला. मला ओठ दिसले पाहिजेत."

गल्लीत तिला सगळे ताई म्हणतात. तिचा उजवा कान पार गेलेला. डाव्यात यंत्र घातलं की भांडी पडल्यासारखा आवाज येतो, माणसाचं बोलणं काही येत नाही. म्हणून यंत्र बहुतेक वेळ खणातच पडून असतं. पण समोरच्याचे ओठ दिसले, की ताईला शब्दन् शब्द कळतो, अगदी आरशातून उलटे दिसले तरी. गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, तुम्हाला ऐकू येत नाही असं वाटतच नाही." ताई हसायची. कान कसे गेले असं कोणी विचारलं, की सांगायची, "ताप आला होता मोठा. तापात गेले."

ही थाप होती. तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून ठरवलेली.

खरं असं, की ताईला टीबी झाला होता. तोही साधा नव्हे, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. गावाबाहेरच्या छातीच्या इस्पितळात ती कित्येक महिने पडून होती. रोज एक इंजेक्शन. आधी कानात बारीक शिट्टी वाजायला लागली, मग शिट्टीत माणसांचे आवाज बुडाले, आणि एके सकाळी शिट्टीही थांबली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समजावलं होतं: औषधाने कान जातायत, पण औषध बंद केलं तर तुम्ही जाल. ताईने मान हलवली होती. घरी शाळेत जाणारी मुलगी होती. विचार करायला होतंच काय?

शेजारच्या खाटेवर एक परदेशी मुलगी होती. इथल्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकामाला आलेली. अंगाने एवढीशी, खायची त्याहून एवढंसं, म्हणून ताईने तिचं नाव चिमणी ठेवलं. चिमणीची भाषा वॉर्डात कोणालाच येत नव्हती. ताईचे कान शाबूत होते तोवर दोघींचं फारसं जमलं नाही. ती काहीतरी बोलायची, ताई "काय? काय?" करत राहायची. पण कान गेले आणि दोघी एका पातळीवर आल्या. आता कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं, त्यामुळे बोलणं एकदम सोपं झालं. हातवारे, डोळे, तोंडाचे चाळे. नर्स आली की चिमणी तिची नक्कल करायची आणि ताई उशीत तोंड खुपसून हसायची. दुपारी ताई तिचे केस विंचरायची. लांब, राठ, गुंत्यांनी भरलेले केस. दोन खाटांच्या मधे हात पुरेल एवढंच अंतर होतं. ताई आपल्या खाटेवर बसूनच तिची वेणी घालायची.

मग कारखान्याने हात वर केले. आजारी बाईचा कामाचा परवाना वाढवून कशाला देतील? चिमणीला परत पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी बरोबर काही महिने पुरतील एवढ्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या तिकडच्या दवाखान्यात मिळतील असं लिहूनही दिलं. ताई बरी होऊन घरी आली, तेव्हा दोघी फोनवर एकमेकींना बघायच्या. बोलणं नाहीच. हात हलवायचा, वेणी दाखवायची, हसायचं. मग चिमणी फोनवर अंथरुणात आडवी दिसायला लागली. मग दिसेनाशी झाली. काही दिवसांनी तिच्या भावाचा निरोप आला. ताईच्या मुलीने तो फोनवरच आपल्या भाषेत करून आईला दाखवला. तिकडच्या दवाखान्यात गोळ्या एका जागतिक निधीतून यायच्या. श्रीमंत देशांनी हात आखडता घेतला, गोळ्या संपल्या, पुन्हा यायला उशीर झाला. बहीण गेली. तुमची आठवण काढायची.

ताई त्या दिवशी पार्लरला गेली आणि रोजच्यासारखे केस कापले. रडली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या मनात काहीतरी ठाण मांडून बसलं.

ते बाहेर पडायला कारण झालं एका बातमीचं. मुलगी आता कॉलेजात होती. चहा पिता पिता तिने फोनवरून मान वर केली आणि आईला दिसेल असं सावकाश म्हणाली, "आई, तो निधी आठवतो? चिमणीच्या गोळ्यांचा? आपलं सरकार पण त्यातला आपला वाटा निम्मा करणार आहे."

"कोण ठरवतं हे?"

"संसद. म्हणजे आधी समिती असते. थांब हं." तिने बोट फिरवलं. "आपले खासदार आहेत त्या समितीत."

"आपले? चौकात ज्यांचा फलक लागलाय ते?"

"तेच."

ताईने कप बशीत ठेवला. "मग सोपं आहे. जाऊन सांगू त्यांना."

मुलगी हसली. तिला वाटलं आई गंमत करतेय.

खासदारांचं संपर्क कार्यालय एका औषधाच्या दुकानाच्या वर होतं. शनिवारी सकाळी लोकांना भेटण्याची वेळ. जिन्यापासूनच रांग. आत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर खासदारांचे कोणाकोणाशी हात मिळवतानाचे फोटो, आणि काचेच्या दाराआड त्यांची खोली. दाराशी टेबल टाकून त्यांचा पीए बसलेला. डोळे वर न करता लोकांची कामं लिहून घेत होता. ताईची पाळी आली.

"काम?"

ओठ दिसत नव्हते, पण तेवढं ताईने ओळखलं. "साहेबांशी बोलायचंय."

"ते कळलं हो. गटार, दिवा, दाखला, बदली?"

"टीबी," ताई अंदाजाने म्हणाली. "आपल्याकडचा नाही, दुसऱ्या देशांतला."

आता मात्र पीएने वर बघितलं. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी कान टवकारले. "दुसरा देश म्हणजे पुलापलीकडचा वॉर्ड का?" त्यांनी विचारलं. "तिकडे गटाराचं फार वाईट आहे."

दुपार व्हायला आली तेव्हा ताईला आत सोडलं. खासदार पन्नाशीचे, भरघोस मिशांचे, थकलेले. समोर दोन फोन. एका फोनवर अंगठा चालू ठेवूनच त्यांनी "बोला" म्हटलं. ताईने घोकून आणलेलं सगळं घाईघाईने ओतलं: तुम्ही लोक निधीचे पैसे कापताय, ते कापू नका, माणसं मरतात.

खासदार खाली बघून काहीतरी पुटपुटले. मिशांत सगळं अडकलं.

"वर बघून बोला, साहेब," ताई म्हणाली. "मला ऐकू येत नाही. ओठ दिसले पाहिजेत."

त्यांनी चमकून वर बघितलं. फोन पालथा ठेवला. "मी म्हटलं, पैसे आम्ही कापत नाही. अर्थखातं कापतं. आमची समिती फक्त शिफारस करते. आधी नीट माहिती घेऊन या, बाई. आणि बाहेर बघितलंत ना? माणसं नळाला पाणी नाही म्हणून सकाळपासून बसलीत. तुम्ही परदेशातला खोकला घेऊन आलात. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

ताईचा चेहरा उतरला. माहिती खरंच कच्ची होती. "बरं," ती म्हणाली आणि उठली. काचेचं दार मागे बंद झालं. जिन्याकडे वळताना तिने सवयीने एकदा मागे बघितलं. काचेपलीकडे खासदार पीएला काही सांगत होते. या खेपेला मिशा आडव्या आल्या नाहीत. ते म्हणत होते, "पुढच्या वेळी हिला बाहेरच्या बाहेर कटवा. डोकं खाईल नुसतं."

ताई तशीच मागे फिरली, दार ढकललं आणि आत डोकं घालून म्हणाली, "मी पुढच्या शनिवारी येते साहेब, माहिती घेऊन. बाहेरच्या बाहेर कटवलंत तर बाहेर बसेन."

दोघांचीही तोंडं बघण्यासारखी झाली होती. आपण हे ऐकलं कसं, हे ताईने त्यांना सांगितलं नाही.

त्या आठवड्यात ती छातीच्या इस्पितळात जाऊन डॉक्टरीणबाईंना भेटली. बाईंच्या डोक्यात आता चांगले पांढरे केस आले होते. त्यांनी समिती काय करते, शिफारस म्हणजे काय, अर्थसंकल्पाआधी ती का महत्त्वाची, हे सगळं सावकाश, समोर तोंड करून समजावलं. दोनदा समजावलं, कारण पहिल्यांदा ताईच्या डोक्यावरून गेलं. शेवटी म्हणाल्या, "हे बघा, दहा गोष्टी मागू नका. एकच मागा. 'पैसे कापू नका, अशी शिफारस करा.' आकडे मी लिहून देईन, ते कोणीही देऊ शकतं. तुम्ही तुमची गोष्ट सांगा."

"माझी?"

"कान कसे गेले, ती."



पुढच्या शनिवारी पीएने खरोखरच तिला जिन्यातच अडवलं. साहेबांना आज वेळ नाही म्हणाला. ताई औषधाच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसून राहिली. शनिवार म्हणजे पार्लरचा गर्दीचा दिवस. शटर ओढून आली होती. दुपारी खासदार खाली उतरले आणि गाडीकडे निघाले. ताई उठून बरोबर चालायला लागली. पीए मधे आला, पण खासदार थांबले. मागचं काहीतरी मनात सलत असावं. या खेपेला ते नीट तिच्याकडे तोंड करून बोलले.

"बाई, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण एक सांगतो, राग मानू नका. इतकी वर्षं मी लोकांना भेटतोय, या विषयावर मला कोणीही, कधीही विचारलेलं नाही. पक्षाने ठरवलंय पैसे कापायचे. मी उलट बोललो तर पहिला प्रश्न येईल, तुमच्या मतदारसंघात कोणाला पडलीय याची? मी काय सांगू? एका पार्लरवाल्या बाईला?"

"किती जणांना पडली म्हणजे चालेल?"

खासदार हसले. गाडीत बसता बसता म्हणाले, "वर माझी खोली आहे ना? ती भरली पाहिजे."

त्यांनी ते सुटका करून घेण्यासाठी म्हटलं होतं. ताईने ते शब्दशः घेतलं.

पण खोली भरायची तर माणसं गोळा करायला हवीत, आणि लोक विचारणार, तुला का पडलीय एवढी? तापाची थाप आता कामाची नव्हती. त्या रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं की ती पार्लरमध्ये खरं सांगणार आहे.

नवरा फ्रीज-एसी दुरुस्त करणारा, मितभाषी माणूस. ताई इस्पितळात होती तेव्हा तो रोज कामावरून परस्पर डबा घेऊन यायचा आणि आत सोडत नसत म्हणून खिडकीखाली उभा राहायचा, ती जेवेपर्यंत. त्याने घास हातातच ठेवला.

"इतकी वर्षं झाकलं ते कशासाठी? लोक केसाला हात लावू देणार नाहीत. दुकान बसेल आपलं."

"बरी झालेय मी. केव्हाच."

"तुला माहितीय, मला माहितीय. लोकांना टीबी हा एकच शब्द कळतो."

"तुम्हाला लाज वाटते का माझी?"

"लाज?" तो एवढ्या जोरात म्हणाला की मुलगी आतून बाहेर आली. मग त्याने मान वर केली, ताईला नीट दिसेल अशी. "लाज नाही वाटत गं. भीती वाटते. लोकांची."

"मलाही वाटते," ताई म्हणाली. "पण चिमणीचं तोंड डोळ्यांपुढून जात नाही. काय करू, सांगा."

त्याने हातातला घास तोंडात घातला. 'नको' म्हणाला नाही.

मधे एक-दोन दिवस ताई नुसतीच कात्री चालवत राहिली. तोंडापर्यंत यायचं आणि परत जायचं. मग एका सकाळी एका खुर्चीत निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, दुसऱ्या खुर्चीत बँकेतली एक बाई डोक्याला रंग लावून बसलेली, आणि बाकड्यावर भाजीवाली, मुलीच्या लग्नाआधी स्वतःचं काहीतरी करून घ्यायला आलेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ताई, गेल्या शनिवारी बंद होतं पार्लर? मी येऊन गेले."

ताईने कात्री खाली ठेवली. "खासदारांकडे गेले होते," ती म्हणाली आणि मग थांबलीच नाही. टीबी, इस्पितळ, इंजेक्शनं, कान, चिमणी, गोळ्या, निधी, सगळं सांगितलं. आपला आवाज किती मोठा होतोय हे तिला कळत नव्हतं. चष्मेवाला दाराबाहेर येऊन उभा राहिला म्हणजे बराच मोठा असावा.

 बोलणं संपल्यावर ती एकेकीचा चेहरा बघायला लागली. बँकेतली बाई उठली. "मला एक काम आठवलं," म्हणाली, आणि डोक्यावर तो ओला रंग, गळ्यात पार्लरचा टॉवेल, तशीच रस्त्यावर चालती झाली. परत कधी आली नाही. अजूनही समोरून आली तर चष्मेवाल्याच्या काचेतल्या फ्रेमा फार लक्ष देऊन बघत जाते.

भाजीवालीने पदराचं टोक नकळत नाकाशी नेलं, मग स्वतःच लाजून खाली सोडलं.

मुख्याध्यापिका आरशात ताईकडे बघत होत्या. त्यांचे अर्धे केस कापून झाले होते, अर्धे बाकी होते. "आता आहे का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. ओठ अगदी स्पष्ट, वर्गात शिकवल्यासारखे.

"नाही. पूर्ण बरी झाले."

"मग उरलेले कापा की. का हे असं डोकं घेऊन घरी जाऊ मी?"

ताईने कात्री उचलली. डोळे सारखे दाराकडे जात होते, म्हणून त्या दिवशी मुख्याध्यापिकांचे केस एका बाजूला जरा जास्तच आखूड झाले. त्यांनी तक्रार केली नाही.

नवऱ्याचं म्हणणं काही खोटं ठरलं नाही. महिनाभर खुर्च्या ओस पडल्या. लग्नाचं एक मोठं काम हातचं गेलं. गल्लीतल्या एकीने आपल्या मुलीला पार्लरच्या दारावरून पलीकडच्या कडेने न्यायला सुरुवात केली. ताई आरसा पुसायची, पुसलेला आरसा पुन्हा पुसायची. नवरा संध्याकाळी कामावरून आला की घरी जायच्या आधी पार्लरमध्ये यायचा आणि बाहेरून जाणाऱ्यांना दिसेल असा रिकाम्या खुर्चीत बसायचा. "काप जरा," म्हणायचा. कापायला त्याच्या डोक्यावर फारसं काही नव्हतंच. ताई तरी कापायची.

आणि मग एक गोष्ट व्हायला लागली, जिची ताईने कल्पनाही केली नव्हती. एक बाई आली. ओळखीचीच, पण फार न बोलणारी. बाकड्यावर आणखी दोघी होत्या. ती खुर्चीत बसली, आरशात ताईच्या डोळ्यांत बघितलं आणि आवाज न करता फक्त ओठ हलवले. 'माझ्या भावाला होता. कोणाला सांगितलं नाही.' मागच्या दोघींना पत्ताही लागला नाही. ताईने फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या आठवड्यात दुसरी आली. 'सासऱ्यांना.' मग एक तरुण मुलगी, 'मला. अजून गोळ्या चालू आहेत.' वर्षानुवर्षं गिळून टाकलेल्या गोष्टी बायका त्या आरशात सोडून जायला लागल्या. सगळ्या गल्लीत ताईच एकटी अशी होती, जिला आवाजाशिवाय सांगता येत होतं.

प्रत्येकीला ताई एकच विचारायची. "शनिवारी याल माझ्याबरोबर? आजाराबद्दल काही सांगायची गरज नाही. नुसतं बसायचं."

काही नाही म्हणाल्या. काही "बघते" म्हणाल्या, म्हणजे नाहीच. पण मुख्याध्यापिकांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनींना कामाला लावलं. त्यांना नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. भाजीवालीने बाजारातल्या बायकांना आणलं. इस्पितळातून डॉक्टरीणबाई आल्या. चष्मेवाला आला, नवरा काम बुडवून आला, आणि मुलगी कॉलेजातलं टोळकं घेऊन आली.

एका शनिवारी सगळे खासदारांच्या कार्यालयात जमले. पीएने नेहमीसारखी मान खाली घालून विचारायला सुरुवात केली. "काम?"

"टीबी. दुसऱ्या देशातला," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"काम?"

"टीबी. दुसऱ्या देशातला."

"तुमचं?"

"टीबीच," भाजीवाली म्हणाली. "बाजारातलं गटार पण तुंबलंय, पण ते पुढच्या शनिवारी."

पीएने पेन ठेवलं आणि आत गेला. खासदार बाहेर येऊन दारात उभे राहिले. खुर्च्या भरल्या होत्या, भिंतीला टेकून माणसं उभी होती, जिन्यात आणखी होती. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, मग ताईकडे.

"तुम्ही म्हणालात खोली भरा," ताई म्हणाली.

त्यांनी काचेचं दार पूर्ण उघडायला लावलं आणि पीएच्या टेबलाच्या पुढे येऊन लोकांतच एक खुर्ची ओढून बसले, ताईच्या समोर. डॉक्टरीणबाईंनी कागद दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली. मग विचारलं, आणि हा प्रश्न टाळण्यासाठी नव्हता, खरोखर विचारलेला होता, "आपल्याच लोकांना औषधं पुरत नाहीत, बाई. ते सोडून बाहेर का द्यायची?"

मुख्याध्यापिका काही बोलायला पुढे सरसावल्या. ताईने हाताने थांबवलं.

"सोडून नाही, साहेब. दोन्हीकडे द्या. तिथली का इथली, असली निवड करायला मी आलेच नाही. एका खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर मी, एकीवर ती. मी इथून तिची वेणी घालायचे. एकच आजार, एकच डॉक्टर, एकच इंजेक्शन. मी उठले. ती जिथे परत गेली तिथल्या गोळ्या संपल्या, म्हणून ती उठली नाही. तिचं काही चुकलं नव्हतं आणि मी काही मोठं पुण्य केलं नव्हतं." ती श्वास घ्यायला थांबली. "माझे कान गेले त्याचं काही नाही. आता नव्या गोळ्या आल्यात, इंजेक्शन लागत नाही. तिकडच्या पोरींचे कानही वाचतील आणि जीवही वाचेल. समितीत एक वाक्य बोला. पैसे कापू नका. एवढंच मागायला आलोय सगळे."

खासदारांनी घडी घातलेला कागद उघडून पुन्हा वाचला आणि खिशात ठेवला. मग म्हणाले, "बोलतो." आणि ताईला नीट दिसावं म्हणून पुन्हा एकदा, सावकाश, "बोलतो."

समितीची बैठक इंटरनेटवर दाखवतात. त्या दिवशी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मुलीने फोन आरशाला टेकवून ठेवला. खासदारांची पाळी आली, पण ते अध्यक्षबाईंकडे तोंड करून बोलत होते, ताईला त्यांची पाठ आणि एक कान तेवढा दिसत होता. मुलगी एकेक वाक्य पुन्हा बोलून दाखवत होती. भाषण काही फार चांगलं नव्हतं. चिमणीला त्यांनी मुलगा करून टाकलं आणि निधीचं नाव अर्धवट घेतलं. पण 'माझ्या मतदारसंघातल्या लोकांचं स्पष्ट म्हणणं आहे, की हा वाटा कापला जाऊ नये' हे वाक्य त्यांनी पुरतं आणि ठणकावून म्हटलं. शेजारच्या दोघा सदस्यांनी मान हलवली. समितीने शिफारस केली. पार्लरमध्ये टाळ्या वाजल्या. ताईला त्या दिसल्या.

अर्थखात्याने शिफारस पूर्ण मानली नाही. निम्मा कापायचा होता तो वाटा थोडा कापला. मुलगी म्हणाली, "आई, जिंकलीस की!" ताई म्हणाली, "थोडा तरी कापलाच ना? त्या थोड्यात किती जणींच्या गोळ्या जातात, विचार डॉक्टरीणबाईंना."

शनिवारी ती पुन्हा कार्यालयात. पीएने विचारलंही नाही, सरळ आत सोडलं.

"आता काय, ताई?" खासदार म्हणाले. बाईची ताई केव्हा झाली, त्यांच्याही लक्षात आलं नसावं. "केलं ना मी?"

"केलंत. विसरणार नाही. पण कापलेलं परत कधी मिळणार? पुढच्या वर्षीचं कधी ठरतं?"

त्यांनी कपाळाला हात लावला, पण हसत. मग गंभीर होऊन म्हणाले, "माझ्या एकट्याच्या जोरावर होणार नाही. समितीच्या अध्यक्षबाई शेजारच्या मतदारसंघातल्या आहेत. त्यांच्या लोकांनी त्यांना विचारायला हवं. तुम्ही त्यांच्या मतदार नाही, तुम्हाला त्या दाराशी उभं करणार नाहीत."

ताईची मामेबहीण त्या मतदारसंघात राहते. शिवणक्लास चालवते, घराच्या पुढच्या खोलीत, सहा मशिनींवर. ताई रविवारी तिच्याकडे गेली, मशिनीजवळच्या स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. मामेबहिणीने ऐकलं, सुईत दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला.

"मला नाही गं जमायचं," ती शेवटी म्हणाली. "खासदारबाईंसमोर माझी बोबडी वळेल."

"सासूशी भांडताना वळते का?"

"ती वेगळी गोष्ट आहे."

"तेवढीच अवघड आहे," ताई म्हणाली. "उलट खासदारबाई दर पाच वर्षांनी तुझ्या दारात येतात, हात जोडून. सासू कधी आली का?"

मामेबहीण खो खो हसली, आणि हसता हसता तिने मशीन बंद केली. क्लासच्या मुली माना वर करून बघायला लागल्या. ताईने स्टूल सगळ्यांच्या समोर ओढून घेतलं, प्रत्येकीचं तोंड आपल्याला दिसतंय ना याची खात्री करून घेतली, आणि चिमणीपासून सांगायला सुरुवात केली.